नदीवर नेलेली गाडी

आमच्या यांना ट्रक सोडून दुसरं काही येत नाही. हे कौतुकानं म्हणत नाही आणि तक्रारीनंही नाही, जे आहे ते सांगते. लग्न होऊन पुण्याजवळच्या नांद्यात आले तेव्हा दारात एक ट्रक उभा होता, आणि सासूबाईंनी माप ओलांडायच्या आधी मला त्या ट्रकला हळदीकुंकू वाहायला लावलं. माहेरच्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मला मात्र राग आला होता. म्हटलं, घरात पाऊल टाकायच्या आधीच सवतीच्या पाया पडा. पुढं त्याच ट्रकवर घर चाललं, मग दुसरा ट्रक आला, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

दोन्ही गाड्या पिरंगुटच्या एकाच कारखान्याला लागलेल्या. तिथं मोटारींचे प्लास्टिकचे भाग बनतात. ते खोक्यांत भरून घोटवडे फाट्यानं माण, हिंजवडी, वाकड करत चाकणच्या गोदामात टाकायचे आणि रिकामी खोकी घेऊन परत यायचं, हा यांचा जन्माचा रस्ता. एक गाडी हे स्वतः चालवायचे, दुसरीवर वरच्या मुळशीतल्या एका वाडीतला ड्रायव्हर होता. पासिंग, विमा, पीयूसी सगळं माझ्याकडं. मी बारावीपर्यंत शिकलेली, आणि कागद दिसला की यांना झोप येते.

धाकट्या दिरानं त्याच्या वाटणीची जमीन कधीच बिल्डरला देऊन टाकली आणि उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतली पोरं तिथं भाड्यानं राहतात. दीर दिवसभर ओसरीवर खुर्ची टाकून मोबाईल बघतो आणि येताजाता यांना शहाणपण शिकवतो, की दादा, गाड्या इक आन खोल्या बांध, कशाला त्या इंजनाखाली मरतोस. हे हसायचे. म्हणायचे, खोली काय हलतीया का जागची? मला दोघांचंही पटायचं आणि दोघांचाही राग यायचा.

इलेक्ट्रिक ट्रकचं नाव आमच्या घरात आलं ते कारखान्याच्या कँटीनमधून. तिथल्या साहेबानं सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना चहाला बोलावलं होतं. कागदाचं काही असेल म्हणून मीही गेले. साहेब पुण्याचा, तिशीतला, बोलायला गोड. मला काकू म्हणायचा. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली आणि समजावून सांगितलं, की आपला माल ज्या परदेशी मोटार कंपन्यांना जातो त्या आता विचारतात, एकेक खोकं पोचेपर्यंत किती धूर निघाला. कारखान्याच्या छपरावर सोलर बसवून झालं. आतली यंत्रं बदलून झाली. आता राहिलाय तो फक्त रस्त्यावरचा धूर, आणि तो तुमचा आहे. असं म्हणून तो आमच्याकडं बघून हसला. वाईट नाही हसला, पण हसला.

खोटं कशाला बोलू, धूर आमचाच होता. यांचा शर्ट धुताना पाणी काळं निघायचं. सकाळी उठल्यावर हे मोरीत उभे राहून खोकायचे ते आळीभर ऐकू जायचं. दारातल्या जास्वंदीच्या पानांवर काजळीचा थर. हिंजवडीच्या चौकात तासन्‌तास गाडी चालू ठेवून उभं राहायचं, तो सगळा धूर कुणाच्या तरी पोराबाळांच्या नाकात जातोच की. म्हणून साहेब जे बोलला ते मला पटलं होतं. आजही पटतं. म्हणून तर जास्त जिवाला लागतं. वाईट माणसानं वाईट सांगितलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते.

साहेबाची अट एवढीच होती, की येत्या दिवाळीनंतर चाकणच्या रस्त्यावर फक्त इलेक्ट्रिक गाडी. डिझेलच्या गाडीला गेटच्या आत येऊ देणार नाहीत. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी माना डोलावल्या. आमच्यासारखे एकदोन गाड्यांचे मालक होते ते बाहेर येऊन तोंड सोडून बोलले आणि मुरूम-खडीच्या कामाला निघून गेले. हे गेले नाहीत. मला वाटलं विचार करायला वेळ घेतील, तर गाडीत बसता बसताच म्हणाले, "घ्यायची. ह्यो रस्ता माझा हाय."

दोन जुन्या गाड्या देऊन एक नवी घेतली. दोन देऊन एक, हे गणित मी कितीदा तरी समजून घ्यायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी शोरूमचा माणूस म्हणायचा, ताई, यातली बॅटरीच किती महाग असते. ड्रायव्हरला मुरमाच्या डंपरवर काम मिळालं. जुन्या गाड्या न्यायला माणसं आली तेव्हा हे घराच्या मागच्या बाजूला काहीतरी शोधत बसले होते. काय शोधत होते ते त्यांनाही माहीत नसावं.

नवी गाडी पांढरीशुभ्र. आख्खी आळी बघायला आली. दिरानं आत डोकं घालून इंजिन शोधलं. हे त्याला तोऱ्यात सांगत होते, इंजन न्हाईच, खाली पेट्या हायेत, त्यातच सगळं. गाडी देण्याआधी शोरूमवाल्यांनी यांना दिवसभर बसवून शिकवलं होतं. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, पडद्यावर चित्रं. चार्जिंग कसं लावायचं, उतारावर गाडी आपोआप वीज कशी परत भरते, साचलेल्या पाण्यातून गाडी घालताना काय जपायचं. हे सगळं ऐकून आले आणि घरी मला शिकवलं, जसं काही मीच उद्यापासून चाकणला जाणार होते. साचलेल्या पाण्याचं ऐकून मी म्हटलं, हिंजवडीत पावसाळ्यात दुसरं काय असतं. त्यावर दोघं हसलो.

त्या सात-आठ महिन्यांबद्दल लिहायला लागले की हात थांबतो. इतके चांगले दिवस आम्ही पाहिले नव्हते. कारखान्याच्या मागच्या अंगाला चार्जर बसवले होते. हे तिथंच गाडी लावून डबा खायचे आणि झाडाखाली पडायचे. खोकला कमी झाला. शर्टाचं पाणी स्वच्छ निघायला लागलं. पूर्वी गाडी गावच्या कमानीपाशी आली की मला आवाजावरून कळायचं आणि मी तव्यावर भाकरी टाकायचे. आता हे दारात उभे राहायचे तरी मला पत्ता नसायचा. मी चिडायचे, की काय हे भुतासारखं येणं. हे पाय धुता धुता म्हणायचे, "गाडी बोलत न्हाई, तवा तू बोलतीयास." एकदा तर रस्त्यात कोकीळ ऐकू आली म्हणून सांगत होते. ट्रक चालवताना कोकीळ.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला गाडी नदीवर न्यायची असते. शहरातल्या माणसाला हे सांगावं लागतं म्हणून सांगते. नांदे आणि लवळ्याच्या मधून मुळा वाहते. एका जागी पात्र पसरट आहे, पाणी गुडघाभर. सकाळपासून तिथं ट्रक, ट्रॅक्टर, टेम्पो, जेसीबी सगळे पाण्यात उतरतात. चाकं पाण्यात गेली पाहिजेत. माणसं चड्डीवर उतरून घासतात, पोरं बोनेटवर चढतात, काठावर बायका ताटं घेऊन उभ्या असतात. मग गाडी घरी आणून झेंडूचे हार, पाने, जॅक, हातोडी सगळ्यांना गंध. घरी नळाच्या पाण्यानं धुतलेली गाडी आमच्याकडं धुतलेली धरत नाहीत. सासरे बैल न्यायचे त्याच जागी, मग ट्रक आला तर ट्रक नेला. यांच्या डोक्यात बैल आणि ट्रक यात फरक नाही. अंगाला नदीचं पाणी लागलं नाही तर ते जनावर वर्षभर रुसतं, अशी यांची समजूत.

त्या दिवशी हे पहाटेच उठले. नवी लुंगी, नवा रुमाल. गाडीचं पहिलं वर्ष, म्हणजे पहिल्या बाळंतपणासारखं कौतुक. नदीवर सगळ्यांनी गाडीला वाट करून दिली. दीर पाण्यात उभा राहून हातवारे करून पुढं घेत होता, अजून, अजून, येऊ दे. पांढरी गाडी आवाज न करता पाण्यात शिरली तेव्हा काठावर बायकांनी हात जोडले. मीही जोडले. यांनी सगळी गाडी स्वतःच्या हातानं घासली. कुणाला हात लावू दिला नाही.

मागं घेताना खालून आवाज आला. नदीतला एखादा मोठा गोटा लागावा तसा. हे लगेच उतरले, पाण्यात वाकून खाली हात घालून चाचपलं. दीर म्हणाला, काय न्हाई व्हत, पत्रा हाय. इतर चार जणांनीही तेच सांगितलं. आयुष्यभर त्याच नदीत, त्याच गोट्यांवर सगळ्यांच्या गाड्या घासल्या गेल्या होत्या आणि कुणालाच कधी काही झालं नव्हतं. शोरूमच्या त्या माणसानं गाडी नदीत घालू नका असं काही सांगितलं नव्हतं. सांगेल कसा? कुणी गाडी आपण होऊन नदीत घालेल हे त्याच्या मनातच कसं येणार. आणि गाडी नदीत घालायची नसते, हे यांच्या मनात कसं येणार. या दोघांच्या मधल्या जागेत आमचं घर बुडालं.

दसरा झाला. गाडी चार-पाच दिवस चांगली चालली. मग एका दुपारी यांचा फोन आला. वाकडच्या पुलावर, भरल्या गाडीनिशी, समोरच्या स्क्रीनवर लाल चिन्ह आलं आणि गाडी आपली आपण थांबली. मागं हॉर्नचा कल्लोळ, तो मला फोनमधून ऐकू येत होता. मी म्हटलं, काय झालं ते नीट बघा तरी. हे म्हणाले, "बघू काय? बघायला काय हायेच न्हाई ह्यात."

ते वाक्य मी विसरणार नाही. जुनी गाडी बंद पडली की हे खाली झोपायचे, पंपातली हवा काढायचे, पट्टा ओढून बघायचे, शिव्या द्यायचे, आणि तासाभरात तोंडाला काळं फासून वर यायचे. त्या दिवशी हे पुलावर गाडीशेजारी हात बांधून उभे होते. ट्रॅफिकवाला ओरडत होता, हिंजवडीची पोरं काचा खाली करून बोलत होती, आणि यांना हात घालायला जागा नव्हती.

गाडी ओढून वर्कशॉपला नेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तिथला मेकॅनिक बिहारकडचा, तरुण पोरगा, लॅपटॉप घेऊन बसलेला. बॅटरीची पेटी खाली काढून उघडली होती. खालच्या अंगाला पत्र्याला चीर गेली होती आणि आत पाणी, गाळ. त्यानं गाळातून नखाएवढा एक शंख उचलला, नदीतल्या गोगलगायीचा असतो तसा, आणि तळहातावर ठेवून आम्हाला दाखवला. यह अंदर कैसे आया, त्यानं विचारलं. आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यानंच पुढं विचारलं, "रोड पे पानी भरा था क्या, अंकल? बारिश में?"

मला कळलं. चांगल्या मनाचा पोरगा होता, वाट दाखवत होता. परतीचा पाऊस पडला होताच. हिंजवडीच्या रस्त्यावर पाणी भरतं हे तर जगजाहीर. हो म्हटलं असतं तर विम्यात बसलं असतं. मी यांच्या दंडाला चिमटा काढला. हे त्या शंखाकडं बघत होते.

"न्हाई," हे म्हणाले. "खंडेनवमीला नदीत धुतली. आमी दरवर्षी धुतो."

पोरानं मान खाली घातली आणि टाईप करायला लागला. संपलं. गाडी मालकानं स्वतः नदीपात्रात उतरवली, म्हणजे वॉरंटीही नाही आणि विमाही नाही. नवी बॅटरी म्हणजे जवळजवळ नवी गाडीच. ते आमच्यानं होणार नव्हतं, हे तिथं उभ्या सगळ्यांना समजत होतं, म्हणून कुणी आकडा मोठ्यानं बोललं नाही.

परतताना बसमध्ये मी चांदणी चौकात जी सुटले ती भूगाव येईपर्यंत थांबले नाही. आले मोठे सत्यवचनी, म्हटलं. एक शब्द गिळला असता तर काय जीभ झडली असती? घर बुडवलंत. समोरच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या तरी मी बोलत होते. हे खिडकीबाहेर बघत होते. भुकूमच्या पुढं गेल्यावर म्हणाले, "गाडीबद्दल खोटं कसं सांगू गं?" जसं काही मी त्यांना आईबद्दल खोटं बोलायला सांगितलं होतं. मी कपाळाला हात लावला.

फुटकी पेटी परत बसवून गाडी घरापुढं आणून ठेवली. मग जे दिवस सुरू झाले ते वैऱ्यावरही येऊ नयेत. हे कारखान्यावर जायचे. आधी म्हणाले, बॅटरीचं बघेपर्यंत भाड्यानं डिझेलची गाडी लावतो. साहेब म्हणाला, दिवाळी आलीच, मग नियम आहे, गेटवर घेणार नाहीत. हे म्हणाले, मग दुसऱ्या कुणाच्या इलेक्ट्रिकवर ड्रायव्हर म्हणून ठेवा. साहेब म्हणाला, त्या कंपन्या त्यांची माणसं आणतात, पोरं घेतात, पन्नाशीच्या पुढचा घेत नाहीत. पण काळजी करू नका काका, तुमची जागा मी धरून ठेवली आहे, असंही म्हणाला. हे ते वाक्य घरी घेऊन यायचे आणि जेवताना मला सांगायचे. जागा धरून ठिवलीया. मी म्हणायचे, व्हय, कशावर धरलीया, गाडी हाय का आपल्याकडं? मग मला माझीच लाज वाटायची आणि मी ताटात अजून भाजी वाढायचे.

दीर एकदा येऊन बसला. मला वाटलं, खोल्यांचं काहीतरी ऐकवायला आला असेल. तर तो लगेच उठला. गाडीच्या भोवती एक चक्कर मारून, खाली वाकून चीर गेली होती ती जागा बघून निघून गेला. त्याच्या तोंडावरून कळत होतं की नदीतले ते हातवारे त्याला झोपू देत नव्हते. मला त्याची कीव आली नाही. कुणाचीच यायची नाही त्या दिवसांत. सकाळी उठले की छातीवर धोंडा असायचा आणि रात्री तसाच घेऊन झोपायचे. एवढी वर्षं दोघांनी मिळून ओढलं, आणि आता ओढायलाच काही नाही. देवळात गेले तर हात जोडले जायचे नाहीत. काय मागायचं? मागं जायला डिझेल नाही आणि पुढं जायला बॅटरी नाही.

मग साहेबाचा फोन आला. मला केला, यांना नाही. म्हणाला, काकू, बाहेरच्या देशातले पाहुणे येणार आहेत, गिऱ्हाईक कंपनीचे. आमच्या भागातला सगळ्यात पहिला इलेक्ट्रिक ट्रक काकांचा, एका लहान मालकानं दोन डिझेल गाड्या देऊन घेतलेला. ती गोष्ट त्यांना फार आवडली आहे. फ्लेक्सवर काकांचा फोटो आहे. काका आणि गाडी हवी. मी म्हटलं, गाडी बंद आहे, तुम्हाला माहीत आहे. साहेब म्हणाला, मी क्रेन पाठवतो. बाजूला उभी करून ठेवू. इलेक्ट्रिक गाडीचा आवाज नसतोच, चालू आहे का बंद ते कुणाला कळणार?

मी नाही म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण हे मागं उभे होते, त्यांनी ऐकलं आणि फोन माझ्या हातातून घेऊन म्हणाले, येतो साहेब. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, जागा धरलीया तर तोंड दाखवाय नको? मी त्यांच्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर एवढी आशा होती की बघवत नव्हती. मी पांढरा शर्ट इस्त्री केला.

सकाळी क्रेन आली, डिझेलवर, भकाभका धूर सोडत. आमच्या गाडीला मागून उचलून पिरंगुटला घेऊन गेली. कारखान्याच्या आवारात हिरवे फुगे, हिरवी रांगोळी, फ्लेक्सवर हे हसताना. गाडी ढकलून फ्लेक्सपाशी लावली, क्रेन मागच्या गेटनं बाहेर काढली. पलीकडं दुसऱ्या कंपनीच्या नव्या गाड्यांची रांग उभी होती, सगळ्या तशाच पांढऱ्या. हे त्यांच्याकडं बघत होते, जसं लग्नात दुसऱ्याच्या पोरांकडं बघतात.

पाहुणे आले. उंच, भले लोक. एका बाईंनी यांचा हात दोन्ही हातात धरला, काहीतरी बोलल्या. साहेबानं मराठीत सांगितलं, त्या विचारताहेत, गाडी कशी आहे? यांनी मोकळा हात गाडीच्या दारावर ठेवला. मी जरा लांब, बायकांच्यात उभी होते, पण मला नीट ऐकू आलं.

"चांगली हाय," हे म्हणाले.

बाईंना ते इंग्रजीत सांगितलं. त्या खूप हसल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. यांना चालकाच्या जागेवर बसवून फोटो, दारापाशी फोटो, साहेबाबरोबर फोटो. हे सांगतील तिथं उभे राहत होते.

पाहुणे आत जेवायला गेल्यावर हे साहेबाजवळ गेले. मीही गेले. यांनी विचारलं, साहेब, माझ्या जागंचं कसं? साहेबानं माझ्याकडं बघितलं, यांच्याकडं नाही. त्यालाही जड जात होतं, एवढं मी त्याच्या पदरात टाकते. म्हणाला, काका, त्या मोठ्या कंपनीशी करार झाला. चाकणचा सगळा रस्ता त्यांना गेला, एक तारखेपासून. माझ्या हातात नव्हतं. मग त्यानं माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला. मी घेतला. काय करणार होते, फेकणार होते? हात पुढं होतो आपोआप.

क्रेन परत आली. आम्ही दोघं क्रेनवाल्याशेजारी बसलो, मागं आमची गाडी लोंबकळत. लवळ्याच्या चढाला क्रेननं जोर लावला आणि सगळ्या केबिनमध्ये डिझेलचा वास भरला. हे मान वळवून मागच्या काचेतून गाडीकडं बघत होते. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ गेली नाही. मी पाठीवर हात फिरवत राहिले. उबळ थांबल्यावर हे म्हणाले,

"म्या खोटं न्हाई बोललो. गाडी चांगलीच हाय. वंगाळ आमी."

मी आजवर यांच्या एकाही वाक्याला उत्तर द्यायची राहिलेली नाही. तोंड उघडलं, म्हणणार होते, तुमी न्हाई वंगाळ. पण मग वंगाळ कोण, ते मला सांगता येईना. हात परत त्यांच्या पाठीवर ठेवला.